चाचा, पायाला हात नका लावू

मी डाव्या पायाचा बूट बोलतोय. शर्यतीची सायकल चालवताना घालतात, त्यातला. उजवा इथेच माझ्या शेजारी आहे, पण तो फारसा बोलत नाही, आणि त्याला बोलण्यासारखं काही मिळालंही नाही. सायकल थांबवताना माणूस बहुधा एकच पाय खाली टेकवतो. आमची मालकीण डावा टेकवायची. त्यामुळे रस्ते, खडी, शेण, चहाच्या टपऱ्यांसमोरची जमीन हे सगळं माझ्या वाट्याला आलं, आणि उजवा बिचारा पेडललाच चिकटून राहिला. जग पाहिलेल्याने बोलावं, न पाहिलेल्याने ऐकावं, असं आमचं ठरलेलं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जन्मताना आम्हाला एका खोट्या पायावर ताणून बसवतात. त्याला कालबूत म्हणतात. बूट पुढे कुणाच्याही पायात गेला तरी त्याच्या अंगात त्या पहिल्या खोट्या पायाचाच आकार राहतो. माझं कालबूत निमुळतं होतं, पुढे चिंचोळं, बोटं एकमेकांना बिलगलेली. तो पाय कधी चालला नव्हता, कधी ठेचकाळला नव्हता, आणि चिखलात तर मुळीच उतरला नव्हता. पण बायकांचा पाय असाच असतो असं कारखान्यातल्या लोकांनी ठरवलं होतं. त्यांना विचारणारा मी कोण?

आमच्या जातीत श्रीमंत-गरीब आहेतच. श्रीमंतांचा तळवा कार्बनचा, वजन कापसासारखं, आणि आवळायला एक गोल चकती. मी खालच्या कप्प्यातला. तळवा नायलॉनचा, वर तीन पट्टे, रंग पांढरा आणि कडेला गुलाबी रेघ. तळाला मात्र सगळ्यांसारखीच तीन भोकं. तिथे क्लीट नावाचा प्लॅस्टिकचा तुकडा स्क्रूने बसवतात. तो पेडलमध्ये खट्‌कन अडकतो आणि टाच बाहेरच्या बाजूला झटकली की सुटतो. एकदा अडकला की पाय आणि सायकल यांचा संसार सुरू. चालायला म्हणाल तर आम्ही अगदी निकामी. आम्हाला घालून चालणारा माणूस बदकासारखा दिसतो.

लोणावळ्याच्या बाजारात मकसूदचाचांचं चपला-बुटांचं दुकान आहे. तिथे मी आलो. दुकानात शाळेचे काळे बूट, गमबूट, किल्ल्यावर जायचे जाडजूड बूट, आणि एका भिंतीला आम्ही. पुण्याहून घाटमाथ्यापर्यंत सायकली हाणत येणाऱ्यांची रविवारी गर्दी होते. कुणाचा तरी बूट वाटेत फाटतो, कुणाला तरी दुसऱ्याचा बघून घ्यावासा वाटतो, म्हणून चाचांनी ती भिंत आमच्यासाठी ठेवली.

भिंतीवर बसून मी माणसं बघितली. बूट घ्यायला आलेला माणूस पायाचा विचार सगळ्यात शेवटी करतो. आधी रंग बघतो, मग किमतीची चिठ्ठी उलटवतो, मग ती न बघितल्यासारखं करतो. मग अंगठ्याने बुटाचं टोक दाबतो. का दाबतो ते त्यालाही ठाऊक नसतं. त्याच्या बापाने दाबलेलं त्याने पाहिलेलं असतं. पुढे आलेल्या पोटाचे साहेब वजन कमी व्हावं म्हणून कार्बनचा बूट घेतात. बुटाचं वजन कमी असतं, साहेबांचं आहे तेवढंच राहतं. चाचा यावर काही बोलत नाहीत, त्यांना दुकान चालवायचं आहे.

दिवाळी होऊन गेल्यावर एका गुरुवारी सकाळी सारिका आली. टाकवे बुद्रुकची सून, नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कंपनीत मशिनवर काम करणारी. तिकडच्या बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून गुरुवारी आमच्या दुकानात कारखान्यातली माणसं दिसतात. तिच्यासोबत आदिनाथ होता, तिच्याच कंपनीतला सुपरवायझर आणि कंपनीच्या सायकल संघाचा कप्तान. कंपनीने यंदा चांगल्या सायकली आणल्या होत्या आणि ज्यांना हौस आहे त्यांना सरावाला दिल्या होत्या. नियम सरळ होता: सायकल कंपनीची, बूट ज्याचे त्याचे. जानेवारीत चाचणी. पहिले चार संघात, आणि सायकल वर्षभर त्यांच्याकडे. बाकीच्यांनी सायकल परत करायची, कारण मागे रांग लागलेली होती.

सारिकाला ती सायकल सोडायची नव्हती. हे मला पहिल्याच दिवशी कळलं. दुकानाबाहेर लावलेल्या सायकलवरून तिची नजर हटत नव्हती, एखाद्या तान्ह्या पोराला बाहेर निजवून आत आल्यासारखी.

"लय भारीतलं नको," ती म्हणाली. "पण दिसभर घातलं तर पाय दुकायला नको, असं द्या."

"घट्टच घे," आदिनाथ म्हणाला. "सैल बुटात पाय हलतो, सगळी पॉवर वाया जाते. सायकलचा बूट म्हणजे चप्पल नव्हे."

"घट्ट वेगळं आणि आवळणारं वेगळं," चाचा म्हणाले. "बसा बेटी. पाय पुढे करा."

ती स्टुलावर बसली आणि तिने पाय पुढे करायच्या ऐवजी स्टुलाखाली ओढून घेतले. मोजे तिने बाहेरूनच घालून आणले होते. मला हातात घेतलं, अर्धवट वळून दोघांकडे पाठ केली, आणि पाय आत कोंबला.

कोंबला हाच शब्द खरा. तिचा पाय फताडा होता. पंजा पसरट, करंगळी बाहेर निघालेली, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात चांगली फट, आणि त्या शेजारच्या बोटात जोडवं. लहानपणापासून अनवाणी भाताच्या खाचरात उभा राहिलेला तो पाय होता. चिखलात उभं राहायचं तर पाय पसरावाच लागतो, आणि एकदा पसरला की तो काही मिटत नाही. लग्नात जोडवी घालताना कुणीतरी बाई त्या पायांवरून काहीतरी बोलली होती आणि मांडवातल्या बायका हसल्या होत्या. तेव्हापासून ती चारचौघांत पाय झाकून बसते. हे मला नंतर तिच्या घरी समजलं. दुकानात मला एवढंच समजलं की करंगळी माझ्या भिंतीवर दुमडली आहे आणि जोडवं माझ्या छताला रुतलं आहे.

चाचा समोर खाली बसले. त्यांचे गुडघे वाजले. बूट घातलेल्या पायाची कड दाबून बघायची ही त्यांची नेहमीची पद्धत. त्यांनी हात पुढे केला. सारिकाने पाय इतक्या झटक्यात मागे घेतला की स्टूल सरकलं.

"चाचा, पायाला हात नका लावू."

"अगं, माझं कामच आहे हे."

"न्हाई, न्हाई. तुमी माज्या वडलांच्या जागी. पाप लागंल मला. बसलाय बरुबर. अगदी बरुबर बसलाय."

पिकल्या दाढीच्या माणसाने आपल्या पायाशी बसावं, वर पायाला हात लावावा, हे तिला सोसवेना. चाचांचा हात तसाच हवेत राहिला. माझी कड बाहेर फुगली होती आणि ती त्यांना दिसत होती. आयुष्यभर त्यांनी दुसरं केलं काय? "जरा रुंद..." एवढं ते बोलले, आणि त्यांनी आदिनाथकडे पाहिलं. परक्या बाईला, तिच्या साहेबासमोर, तुझा पाय रुंद आहे म्हणून कसं सांगायचं? "उभं राहून बघा," एवढंच म्हणाले.

ती उभी राहिली. हसलीसुद्धा. "बसला," म्हणाली.

भीड भिकेची बहीण म्हणतात. त्या सकाळी भीड दोघांनाही पडली, आणि खोक्यात भरला गेलो मी. चाचांनी तळाला क्लीट बसवून दिल्या. बोनसमधला जेवढा भाग तिने बुटासाठी बाजूला काढला होता तेवढ्यात काम झालं, म्हणून ती खूश होती. दुसरा जोड घ्यायला काही उरलेलं नव्हतं, याचा विचार त्या वेळी कुणाच्याच मनात नव्हता.

टाकव्याला घरी तिच्या सासूने, शालूबाईंनी, मला दोन बोटांत धरून उलटंपालटं केलं. शालूबाई म्हणजे मोठ्या आवाजाची, हसऱ्या तोंडाची आणि कुणाच्या बापाला न भिणारी बाई.

"ह्ये पायात घालायचं का देव्हाऱ्यात ठेवायचं?" त्यांनी विचारलं. "येवढं पांढरं! आन् टाच कुटं हाय ह्याला? हे घालून गोठ्यात गेलीस तर पाय वर आन् डोकं खाली."

"गोठ्यात न्हाई घालायचं आत्या. सायकलवर."

"मंग सायकलला घाल."

पण मला ठेवायला त्यांनीच जागा केली, पत्र्याच्या पेटीवर, कोंबड्या पोचणार नाहीत अशी. सुनेच्या सायकलवरून गावात कुणी काही बोललं की त्या म्हणायच्या, "माजी सून हाय, तिचं ती बगून घील." एवढ्यावर विषय संपायचा. नवरा नीलेश पवनानगरला तंबूंच्या कँपवर कामाला, आठवड्यातून दोनदा घरी. त्याची हरकत नव्हती. हरकत घ्यायला तो घरात असायला हवा.

सराव सुरू झाला. टाकव्याहून कान्हे फाटा, मग जुन्या हायवेने कामशेत, तिथून पवनानगरचा रस्ता. थंडीचे दिवस, कापणी झालेली खाचरं, बांधावर पेंढ्यांच्या गंजी. कामशेतपर्यंत तिचं सगळं छान चालायचं. पाठ सैल व्हायची, श्वासाला लय यायची, कधीकधी ती गुणगुणायचीसुद्धा. घरी ती सून होती, कंपनीत बिल्ल्यावरचा नंबर होती, सायकलवर ती यातलं काही नव्हती. तेवढा वेळ ती नुसती सारिका असायची आणि तिला ते फार आवडायचं. मी बूट आहे, पायात असताना मला माणसाचा चेहरा दिसत नाही, पण पायाला आनंद झाला की तो वेगळा पडतो.

कामशेत सोडलं की मुंग्या सुरू व्हायच्या. आधी करंगळीत, मग पुढच्या सगळ्या पंजाला. मग जळजळ. त्याच्यापुढे काहीच नाही, नुसता बधिर ठोकळा माझ्यात ठेवल्यासारखा. ती थांबून पट्टे सैल करायची. पट्टे सैल झाले तरी मी थोडाच सैल होतो? माझा खोटा पाय माझ्या अंगात बसलेला. तिने जाड मोजे सोडून पातळ घातले, बोटांत कापूस घातला, जोडवी काढून रुमालाच्या गाठीत बांधली. नखाखाली रक्त साकळून ते काळं पडलं. कुणाला बोलली नाही. एकदा फक्त पेटीवर बसून मला काढताना स्वतःशीच म्हणाली, "पायच मेलं वाईट."

मला ते ऐकून वाईट वाटलं. बुटाने वाईट वाटून घेऊ नये, पण वाटलं.

शालूबाईंना मात्र एवढं दिसलं की सून बूट काढताना ओठ चावते. त्यांनी उपाय काढला. त्यांच्या सासऱ्याचा चामडी जोडा चावायला लागला की त्यात भिजवलेले हरभरे भरून ठेवायचे. हरभरे फुगत आणि जोडाही फुगे. झालं. दोन पिशव्या भरून हरभरे माझ्या आणि उजव्याच्या पोटात गेले. चामडं असतं तर खरंच फुगलं असतं. मी प्लॅस्टिकचा. हरभरे फुगले, मी हटलो नाही, आणि पिशवी फुटली. त्यात सारिकाला कंपनीत जादा पाळ्या लागल्या, सराव बुडाला, आणि आमच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. गेलं तेव्हा हरभऱ्यांना मोड आले होते.

"बूट वाढला न्हाई, पर उसळ झाली," शालूबाई म्हणाल्या.

ती उसळ म्हशीने खाल्ली. मला धुऊन उन्हात टाकलं. वास मात्र बरेच दिवस गेला नाही. उजवा अजूनही त्याबद्दल बोलत नाही.

चाचणीच्या आधीच्या गुरुवारी सगळे मिळून चाचणीचा पूर्ण रस्ता फिरायला निघाले. पवनानगरपासून धरणाच्या काठाने रस्ता जातो आणि मग दुधिवरे खिंडीचा चढ लागतो. तो चढला की लोणावळा. सारिका चढाला चांगली होती, पहिल्या तिघांत होती. पण पाय केव्हाच बधिर झाला होता. खिंडीच्या माथ्यावर पर्यटकांची एक गाडी मध्येच थांबली, फोटो काढायला. सारिकाने ब्रेक दाबला, नेहमीप्रमाणे डावी टाच बाहेर झटकायला गेली, आणि टाच हललीच नाही. म्हणजे तिला वाटलं आपण झटकली. पायाला पत्ताच नव्हता. सायकल थांबली, पाय अडकलेला, आणि ती माझ्यासकट डाव्या अंगावर आडवी झाली. माझ्या गुलाबी रेघेवर एक मोठा ओरखडा उठला. तिचं कोपर सोलवटलं.

आदिनाथने तिला उठवलं. माणूस वाईट नव्हता. त्याने पाणी दिलं, कोपर पुसलं, आणि मग म्हणाला, "सारिकाताई, यंदा राहू दे. असा पाय अडकायला लागला तर उतारावर जीव जाईल. सायकल आत्ताच पुढच्याला देऊन टाकू, तू पुढच्या वर्षी बघ."

"गुरवारपत्तूर हाय ना माज्याकडं?" तिने विचारलं.

"आहे."

"मंग गुरवारी बगू."

ती घरी आली आणि पेटीवर बसून रडली. शालूबाईंनी तिचा मोजा ओढून काढला आणि काळं नख पाहिलं.

"आन् येवढे दिस गप बसलीस?"

"बुटाचं काय चुकलं आत्या? पायच वाईट हायती माजं. फताडं."

शालूबाईंनी आपला पाय तिच्या पायाशेजारी आणून ठेवला. हुबेहूब तसाच, फक्त भेगा जास्त. "पाय देवानं दिलाय," त्या म्हणाल्या, "आन् बूट दुकानातनं आणलाय. दोनीतलं काय बदलायचं, तूच सांग."

दुसऱ्या दिवशी कंपनीची पाळी सुटल्यावर दोघी कान्हे फाट्यावरून जीपने लोणावळ्याला आल्या. पिशवीत आम्ही. दुकानात शिरल्या शिरल्या शालूबाईंनी पिशवी चाचांच्या पुढ्यात ठेवली, स्टुलावर बसल्या आणि चप्पल काढून आपला पाय पुढे केला.

"भाऊ, आदी माजा पाय बगा."

चाचा गोंधळले. "तुम्हाला बूट हवाय का, भाभी?"

"मला कशाला? पर बगा. मोटं कोण, तुमी का मी?"

"आता ते कोण मोजत बसणार?"

"मंग कुणालाच पाप न्हाई. धरा."

चाचांनी हसत पाय धरला, वळवून पाहिला, पंजाची रुंदी वितीने मापली. "हा पाय बऱ्याच जणींचा असतो इकडे," ते म्हणाले. "पण सगळ्या झाकतात."

"आमच्या घरात सगळ्यांस्नी असंच पाय. सारा जल्म भातात गेला. माज्या सुनंला लाज वाटती, मला न्हाई वाटत. आता तिचा बगा."

सारिका दाराशीच उभी होती. ती पुढे आली, पण बसली नाही. "चाचा," ती म्हणाली, "आदी मी तुमच्या पाया पडते. मंग तुमी हात लावा. म्हंजी फिटलं." ती वाकली. चाचांनी तिचे हात अर्ध्यातच धरले आणि आपला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "खूश राहा," म्हणाले. मग ती स्टुलावर बसली, मोजा काढला, आणि उघडा पाय त्यांच्या हातात दिला. मी पिशवीतून बघत होतो.

चाचांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, तिला त्यावर दोन्ही पायांवर भार टाकून उभं केलं आणि पेन्सिलने पायांभोवती रेघ मारली. "जोडवी काढलीस का? घाल. जोडव्यांसकट माप घ्यायचं. आणि ही वेळ बरोबर आहे. दिवसभर उभं राहून पाय फुगलाय, सायकलवर असाच फुगणार. त्या दिवशी तू सकाळी आली होतीस, सुट्टीची, आराम झालेली." मग पेन्सिल कानावर ठेवत म्हणाले, "मला तेव्हाच दिसत होतं. साहेब समोर उभे होते, म्हटलं बाईमाणसाला कसं बोलायचं. बोलायला हवं होतं."

त्यांनी मला त्या रेघेवर ठेवलं. माझ्या दोन्ही बाजूंनी पेन्सिलची रेघ बाहेर राहिली. एवढं उघड होतं ते.

"वापरलेला बूट परत घेत न्हाईत, ठावं हाय मला," सारिका म्हणाली. "आन् नव्याला माज्याकडं काय न्हाई. नुस्तं बगायला आले, माजा पाय कुटल्या बुटात बसतो का ते."

चाचांनी रस्त्याकडच्या काचेतून एक बूट काढला आणि माळ्यावरून त्याच्या जोडीचा. पुरुषांचा, रुंद पंजाचा, निळा. म्हणजे एक निळा. काचेतला डावा उन्हात बसून बसून पार विटला होता, आणि खोक्यातला उजवा मात्र जन्मला तसा गडद. दोघांना शेजारी ठेवलं की भाऊ वाटत नव्हते, शेजारीसुद्धा वाटत नव्हते.

"हा जोड कुणी घेत नाही, भाभी. आणि ओरखडा पडलेला तुमचा जोडही कुणी पटकन घेणार नाही. न खपणारा देतो, न खपणारा घेतो. व्यवहार बरोबरीचा झाला."

सारिकाने विटका बूट घातला. उभी राहिली. मग मी कधी पाहिली नव्हती अशी एक गोष्ट तिने केली: बुटाच्या आत बोटं हलवून बघितली. वरून कापड हललं.

"हालत्यात," ती शालूबाईंना म्हणाली, हळूच.

चाचांनी माझ्या तळाच्या क्लीट काढून त्या निळ्या जोडीला बसवल्या. नव्या क्लीट महाग पडतात, म्हणून. स्क्रू सुटताना मला दुखलं नाही. पण ती दुकानातून निघाली तेव्हा पिशवीत मी नव्हतो, आणि मला तिची आठवण येणार हे मला तेव्हाच कळलं. तिचा पाय माझ्यात कधीच मावला नाही, तरी तो माझ्या ओळखीचा झाला होता.

विटक्याची काचेतली जागा रिकामी झाली होती. चाचांनी तिथे आम्हाला बसवलं. त्यामुळे चाचणीच्या गुरुवारी मला रस्ता दिसला.

चाचणी नवलाख उंबऱ्याहून सुटून कामशेत, पवनानगर, दुधिवरे खिंड करून लोणावळ्यात संपणार होती. शेवटची रेघ आमच्या दुकानाच्या थोडी पुढे. शालूबाई सकाळीच येऊन स्टुलावर बसल्या होत्या. चाचांनी चहा मागवला. शालूबाईंनी तो बशीत ओतला आणि त्या प्यायला विसरल्या.

"चार जणच घेणार ना, भाऊ?"

"चारच."

"आन् न्हाई आली तर सायकल परत."

"परत."

बऱ्याच वेळाने आदिनाथ गेला, मान खाली घालून, भरधाव. त्याच्या पाठोपाठ एक लाल शर्टवाला. मग रस्त्यावर नुसती रिक्षा, टेम्पो, चिक्कीच्या दुकानांपुढे उभ्या राहिलेल्या गाड्या. मग दोन सायकली एकदम आल्या, एकमेकींना खेटून, आणि त्यातल्या एका पेडलवर विटका निळा वर-खाली होत होता. मी फक्त पाय पाहिला. तो गोल फिरत होता, कुठे अडखळत नव्हता. त्या दोघी गेल्या की लगेच मागून आणखी एकजण गेला. कोण आधी पोचलं ते काचेतून कळायला मार्ग नव्हता. शालूबाई उठून दारात गेल्या.

ती चालत परत आली. एका हाताने सायकल ढकलत, दुसऱ्या हातात दोन रंगांचे दोन बूट, कारण आम्हाला घालून चालता येत नाही. मोजेही काढले होते. भर बाजारातून, पर्यटकांमधून, कंपनीच्या माणसांमधून ती अनवाणी आली, पसरट पाय टाकत, आणि पायाकडे एकदाही बघितलं नाही.

शालूबाईंनी नंबर विचारला नाही. "बोटं हालत्यात का?" त्यांनी विचारलं.

सारिकाने डावा पाय दुकानाच्या पायरीवर ठेवला आणि पाचही बोटं पसरून हलवली. जोडवं चकाकलं. "चौथी आले, आत्या," ती म्हणाली. "सायकल ऱ्हायली." मग शालूबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि चाचा उगाचच शाळेचे बूट नीट लावायला लागले.

मी काचेतून तो पाय बघत होतो. इतके दिवस मी त्याला आतून ओळखत होतो, अंधारात, आखडलेला. बाहेरून नीट असा तेव्हाच पाहिला. चांगला पाय होता.

आता मी इथेच आहे. ऊन येतं, माझी गुलाबी रेघ फिकी होत चालली आहे. ओरखडा बघून लोक मला परत ठेवतात. मी अरुंद आहे, आणि जगात अरुंद पायही असतात. त्यातला एखादा कधीतरी येईल. माझी तक्रार नाही. तुम्ही लोणावळ्याला आलात तर मला घालून बघा. चाचा खाली बसतील, त्यांना बसू द्या. हात लावतील, लावू द्या. आणि मी बसलो नाही तर नाही बसला म्हणून सांगा, माझ्यासमोरच सांगा. मला राग येत नाही.